धवलेरीच्या मानेतून

मी धमनी बोलतेय. झरी पाड्याच्या जानी धवलेरीच्या मानेत, डाव्या बाजूला माझा मुक्काम. हृदयाकडून आलेलं रक्त वर मेंदूला पोचवायचं, हे माझं काम. अशा आम्ही चौघी. दोघी मानेत पुढून चढतो, दोघी मागून मणक्यांमधून. पण उजवा हात हलवणारी आणि बोलणं घडवणारी जागा माझ्या वाट्याला आली. आणि जानीचं सगळं जगणं बोलण्यावर! धवलेरी म्हणजे लग्न लावणारी बाई; पाड्यातली लग्नं तीच लावते, गाणी म्हणून. ती गायली नाही तर लग्न लागत नाही.

तरुणपणी काय गुळगुळीत होते मी! मग बिडी आली, रक्ताचा दाब वाढला. गोळ्या मिळाल्या, तर बाई म्हणते, "डोका दुखत नाय, मंग कशाला खायच्या?" अगं बये, मी दुखतच नाही, तीच तर माझी खोड! माझ्या भिंतीवर चरबीचा थर चढत गेला, वाट अरुंद झाली. त्या थरावर रक्ताच्या गुठळ्या धरू लागल्या. एखादी सुटून वर गेली तर? या घोरानं मला चैन पडेना.

शेवटी सुटलीच. जानीच्या भाचीच्या, भारतीच्या लग्नात, भर गाण्यात. गुठळी वरच्या बारीक फांदीत जाऊन अडकली. जानीच्या उजव्या मुठीतले तांदूळ सांडले, तोंड वाकडं झालं, शब्द थांबले.

"ताडी चढली काय गं?" बाया हसल्या. जिच्या तोंडी लागायची कुणाची छाती नाही, त्या जानीला उत्तर देता येईना. माझा जीव नुसता कासावीस.

थोड्या वेळात गुठळी आपोआप विरघळली. हात उठला, शब्द आले.

"उपाशी हाय ती, पाणी द्या," तिचा नवरा तुक्या म्हणाला. जानीनं पुढचं गाणं धरलं. अहो, लक्षणं गेली म्हणजे बरं झालं का? तो इशारा होता! दुसरी गुठळी माझ्या भिंतीवर धरतच होती. मी किती ओरडावं? माझं ओरडणं म्हणजे नुसती धडधड.

भारती हळदीच्या अंगानं पुढं आली. "मावशी, दवाखान्यात चल. आज्याचं असंच झालेलं. दुसऱ्या दिवशी पडला तो."

"लगीन अर्धं टाकून? धवलेरी उठत नसते."

"मग नवरी उठते. लाव कुणाचं लावायचं ते."

आणि ती खरंच वऱ्हाडाच्या जीपमध्ये जाऊन बसली. मांडवात एकच गोंधळ. जानी शिव्या देत तिच्यामागे जीपमध्ये चढली, तशी भारतीनं गाडी दवाखान्याकडे सोडायला लावली.

दवाखाना जवळ आला तेव्हा दुसरी गुठळी सुटली, चांगली मोठी. शिवी अर्ध्यात राहिली, हात लुळा पडला. डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला, आत रक्तस्राव नाही हे पाहिलं आणि लगेच गुठळी विरघळवणारं औषध शिरेतून सोडलं. माझ्यातून रक्त जात होतं, पण पुढं वाट मोकळी होते की नाही, काही कळेना.

संध्याकाळी जानीचे ओठ हलले. "मेले... नवरा सोडून... इथं काय करतेस?"

भारती हसता हसता रडली. मलाही रडू आलं असतं.

पण माझ्या भिंतीवरचा थर अजून आहे. डॉक्टर म्हणतात, मला साफ करावं लागेल, तोवर घरी न्यायचं नाही. आणि तुक्या पिशवी भरतोय. "बोलते हाय ना आता? चला घरी!"

पुन्हा तेच! बोलायला लागली म्हणजे बरी झाली असं नसतं रे बाबांनो. भारती, त्याला थांबव गं.