यानाच्या बाबाची वाचायची पाळी

शिंपल्यांच्या बोटीवर उभी हयात काढलेल्या क्राइनला वाचता येत नव्हतं, आणि हे त्याने आजवर बेमालूम लपवलं होतं. हॉटेलात मेन्यू पुढे आला की चष्मा घरी राहिलेला असायचा. लेकीच्या, म्हणजे यानाच्या, शाळेतून बोलावणं आलं की नेमकी भरतीची वेळ. बिचाऱ्या समुद्राने याच्यापायी किती आळ सोसले असतील, त्यालाच ठाऊक.

त्या शुक्रवारी मात्र इंजिन खोलून ठेवलेलं, बोट धक्क्याला, आणि वर्गात गोष्ट वाचून दाखवायची पाळी यानाच्या बाबाची. सबब उरली नाही. बुटक्या खुर्चीत गुडघे मुडपून तो बसला, शेजारी सात वर्षांची याना.

गोष्ट आगीच्या बंबाची होती. चित्रं बघून क्राइनने मनानेच ठोकून दिली, आणि ती बरी चालली होती. तेवढ्यात पुढच्या एका पोराने पानावर बोट ठेवलं. "काका, हा मोठा शब्द राहिला."

ब्रांडवेरकाझेर्ने, म्हणजे त्यांच्या भाषेत बंबाचं ठाणं. आग, बचाव आणि बराक, तिन्ही एकाला एक चिकटलेले, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. क्राइन तिथेच अडकला. तेव्हा यानाने त्याच्याकडे न बघता, वर्गाच्या बाईंनी लांब शब्द तोडायला शिकवल्याप्रमाणे, तळहाताच्या कडेने स्वतःच्या मांडीवर कांद्याची पात चिरावी तसे हलके घाव घातले. ओठांतल्या ओठांत म्हणाली, "ब्रांड... वेर... का..."

म्हणजे पोरीला सगळं माहीत होतं. त्याचे कान तापले.

"हात आवर," तो खेकसला. "मोठी शहाणी लागून गेलीस."

यानाने दोन्ही हात मांड्यांखाली घातले. क्राइन चष्म्याचं काहीतरी पुटपुटत निघून गेला.

महिन्याभराने मार्लूस बाईंनी त्याला बोलावलं. याना बाहेर बाकावर बसली होती.

"ती आता वाचतच नाही हो. वर्गात सगळ्यांच्या पुढे होती. आता शब्द तोडून दाखव म्हटलं की म्हणते, मला येत नाही. घरी काही झालंय का?"

क्राइनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याची लाज पोरीने स्वतःच्या अंगावर ओढून घेतली होती. सबब जिभेवर आलीच, पण त्याने ती गिळली.

"तिला येतं, बाई. मला येत नाही. तिने मदत केली आणि मी तिलाच झापलं."

बाहेर येऊन तो तिच्यापुढे उकिडवा बसला. "मला वाचता येत नाही, हे सांगून टाकलं मी बाईंना."

यानाने उघड्या दाराकडे पाहिलं आणि पटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"हळू बोल ना, बाबा. कोणीतरी ऐकेल."