पडेगावच्या चर्चमधला धूर

आमच्या पाळकांचं नाव शांतवन, पण आल्यापासून त्यांनी कुणाला शांत बसू दिलं नव्हतं. वयानं माझ्या धाकट्यापेक्षा लहान. तरी पाळक म्हटल्यावर अहोजाहो करावं लागतं.

त्यांचाही इलाज नव्हता म्हणा. पडेगावचं हे चर्च बांधलं तेव्हा भोवती ज्वारी उभी असायची. आता चहूकडून इमारती उठल्या. वस्ती वाढली आणि आमची मंडळी मात्र आटली. तरुण पोरं पुण्याला गेली, मागे उरलो आम्ही गुडघे धरून उठणारे. वरून निरोप आला होता, नाताळपर्यंत माणसं वाढली नाहीत तर चर्चला कुलूप, उपासनेला छावणीतल्या चर्चमध्ये जा. माझं लग्न इथंच लागलं होतं, नवऱ्याची शवपेटीही इथूनच निघाली होती.

“शीलाबाई, पेटीवरच्या संथ गीतांना आता कोण येतंय?” पाळक म्हणाले. त्यांनी ड्रम आणला, रंगीत दिवे आणले, रस्त्यावर फलक लावला, ‘सर्वांनी यावे’.

“उपासना आहे का वरात?” मी विचारलं. ते हसले. पण मला खरी भीती त्या फलकाची होती. मोबाईलवर नको नको त्या बातम्या यायच्या, कुठं प्रार्थनेत माणसं घुसली, कुठं बाकं मोडली.

“सर्वांनी म्हणजे कोणी कोणी, साहेब?” मी पुन्हा विचारलं. तेव्हा मात्र ते हसले नाहीत.

दुष्काळाचा तो दुसरा उन्हाळा. टँकर आठवड्यातून एकदा यायचा. भांडी राखेनं घासून नुसती फडक्यानं पुसायची, अशी गत. चर्चच्या मागं पत्र्याच्या खोल्यांत गावाकडून आलेली धनगरांची बिऱ्हाडं होती. त्यांतली सत्यभामा इमारतीवर विटा उचलायची आणि रात्री पाण्याचं पिंप राखत झोपायची. येताजाता माझ्याशी दोन शब्द बोलायची, पण चर्चची पायरी तिनं कधी चढली नव्हती.

त्या रविवारी संध्याकाळी पाळकांनी कहर केला. लग्नात हार घालताना धूर सोडतात ना, ते मशीन भाड्यानं आणलं. दिवे उठून दिसावेत म्हणून खिडक्यांच्या काचांवर आतून कागद चिकटवला आणि दार लोटून घेतलं. ड्रम सुरू झाला. धूर भसाभसा निघाला, माझ्या घशात गेला, छताजवळच्या झरोक्यांतून बाहेर पडू लागला. आम्ही मोजकीच डोकी खोकत खोकत गात होतो.

मधेच ड्रम थांबला आणि बाहेरचा आवाज कानावर आला. पळणारी पावलं, शे-दीडशे तरी. बायकांचा आरडाओरडा. कुणीतरी मागच्या भिंतीवर काहीतरी आपटलं.

“आले,” माझ्या शेजारची बाई पुटपुटली. कोण आले, ते कुणी विचारलं नाही.

पाळकांनी धावत जाऊन कडी लावली. मग बाक ओढायला लागले, त्याचं दुसरं टोक मी धरलं. आम्ही तो दाराला लावला. दारावर धक्के बसायला लागले. “उघडा! दार उघडा!” बाप्याचा आवाज होता. आम्ही बाकांखाली शिरलो. मी मुलांची नावं घेऊन प्रार्थना करत होते, पण शब्द पुढं सरकत नव्हते. खळ्ळकन खिडकीची काच फुटली. दगड माझ्यापासून हातभर अंतरावर पडला आणि पाठोपाठ माझ्या पाठीवर काहीतरी गार भसकन येऊन पडलं.

“रॉकेल!” कुणीतरी किंचाळलं. आता पेटवतील, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी डोळे मिटून काडीची वाट पाहिली. ओला पदर नाकाशी आला, त्याला वास नव्हता. मी जिभेवर घेऊन पाहिलं. पाणी होतं.

“बाई! शीलाबाई, हायसा का आत?” फुटक्या काचेतून सत्यभामेचा आवाज आला. “गुदमरून मरसाल की!”

बाक सरकवताना मला पाळकांकडे बघवेना. दार उघडलं. पटांगणात दाटी झाली होती. मागच्या पत्र्याच्या खोल्यांतले, इमारतींतले, रस्त्यापलीकडच्या दर्ग्याकडचेसुद्धा. बादल्या, कळशा, घागरी, एकानं तर पिंपच गाडीवर घालून आणलं होतं. बहुतेक भांडी रिकामी झाली होती. भिंती निथळत होत्या आणि पायरीखालची माती पाणी पिऊन काळी पडली होती. इतकी माणसं या चर्चनं नाताळातही पाहिली नव्हती.

“आग कुठंय?” सत्यभामेच्या नवऱ्यानं, बिभीषणनं, विचारलं. पाळकांनी मशीनकडे बोट दाखवलं. त्यातून अजून बारीक धूर येत होता. कुणीच हसलं नाही.

“सत्यभामा, घरात पाणी ठेवलंस ना?” मी विचारलं.

“न्हाई. टँकर बेस्तरवारी,” ती म्हणाली. मग पाळकांकडे वळली. “धूर निघाला तवा आतून कडी कशापायी घातली, सायेब?”

पाळकांनी काहीतरी सांगून वेळ मारून नेली असती तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं. पण त्यांना खोटं बोलता येत नव्हतं.

“तुमची भीती वाटली,” ते म्हणाले.

सत्यभामेनं रिकामी कळशी कमरेवर घेतली.

“आमची?” ती म्हणाली.