अकरा म्हणजे अकरा

साठ वर्षं गाईंत काढलेल्या माणसाने बसमध्ये बसून, हातात माइक धरलेल्या बाईकडून गाय दिवसाला किती गवत खाते ते ऐकून घ्यायचं. माझा नवरा विबे ऐकून घेत होता. शेजारी बसून मी दात आवळत होते.

"हे चर कशासाठी खणलेत, कोणी सांगेल का?" सहलीच्या मार्गदर्शक योलांडाबाईंनी माइकवरून विचारलं.

"पडायला," विबे म्हणाला. "मी तीनदा पडलोय."

शहरातून आलेली मंडळी हसली. मी खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर आमचीच शिवारं होती. पैसे देऊन आम्ही आमच्याच गावाला वळसा घालत होतो.

गेल्या शरदात विबेचे गुडघे संपले, तेव्हा आम्ही सगळ्या गाई हिल्केला विकल्या. त्याचं शेत आमच्यापासून पाच किलोमीटरवर आहे. पण विकलेल्या जनावरांच्या मागून विकणाऱ्याने जाऊ नये, ते बरं दिसत नाही. न ठरवता कोणाच्या दारात उभं राहणं तर त्याहून वाईट. मग या सहलीचा कागद घरी आला. त्यात लिहिलं होतं, अकरा वाजता हिल्केच्या गोठ्यातून गाई हिवाळ्यानंतर पहिल्यांदा कुरणात सोडणार. विबेने त्याच दिवशी दोन जागा राखल्या.

त्याला पाहायची होती फक्त क्लारा. चौदा वर्षांची, आमच्या गोठ्यातली सगळ्यात म्हातारी. हिल्केने फोनवर सांगितलं होतं की पुढच्या हिवाळ्यात तिला ठेवणार नाही. सहा महिने गोठ्यात कोंडलेली गाय गवतावर पाय पडताच वासरासारखी उड्या मारते. क्लाराचं ते शेवटचं होतं.

त्या दिवशी रस्ते मोकळे होते. बोटी जाऊ देण्यासाठी कालव्यावरचा पूलसुद्धा कुठे वर उचललेला नव्हता. हिल्केच्या वाटेला लागलो तेव्हा अकराला वीस मिनिटं कमी होती. योलांडाबाईंनी बस झाडांच्या रांगेआड थांबवली.

"आपण अकराचं कळवलंय. थोडं थांबू."

"आत गेलं तर काय होईल?" विबेने विचारलं.

"काका, त्यांची कॉफी तयार नसेल."

विबेने माझ्याकडे पाहिलं. मी काय म्हणावं? म्हणाले, "अकरा म्हणजे अकरा. गप्प बस." जन्मभर मी असंच वागत आले.

दहाएक मिनिटांनी झाडांपलीकडे लोखंडी फाटक वाजलं. मग हंबरणं, आणि ओल्या जमिनीवर खुरांची धडधड.

"सोडल्या," विबे म्हणाला.

"नाही रे, अजून वेळ आहे," मी म्हणाले. त्याने कान खिडकीच्या काचेला लावला. ते मला जास्त लागलं.

बरोबर अकराला बस आत शिरली. गाई कुरणात पांगून मुकाट चरत होत्या. हिल्के टोपी हातात घेऊन उभा.

"पाऊस येतोय, आणि त्या फाटक मोडायला निघाल्या होत्या. काय करू?"

"आमची बस दिसली नाही तुला?" मी विचारलं.

"दिसली की. पण तुमचं अकराचं ठरलेलं. लवकर बोलावलं तर बरं दिसेल का, काकू?"

मला त्याच्या टोपीनेच त्याला बडवावंसं वाटलं. वाईट याचं की त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

मंडळी कॉफीकडे गेली. हिल्केच्या बायकोने प्रत्येकाला एकेक बिस्किट दिलं आणि डब्याचं झाकण लावलं. विबे कुंपणापाशी गाई मोजत होता.

"क्लारा कुठाय?"

"आत," हिल्के म्हणाला. "तीनदा दारापर्यंत आली आणि तीनदा मागे फिरली. खूप ढकलली."

"ढकलून ती कधी हलली आहे? तशीच आहे ती. हिच्यासारखी." त्याने माझ्याकडे बोट केलं आणि काठी टेकत निघाला. गोठ्याच्या दारासमोर, वीसेक पावलं लांब, गवतात पाठ करून उभा राहिला. हात खिशात. आमच्याकडेही दर वसंतात असंच करावं लागायचं. दारासमोरचा माणूस तिच्याकडे बघत असेल तर ती उंबरा ओलांडत नसे.

योलांडाबाईंनी घड्याळ पाहिलं. "आपल्याला साडेअकराला चीजच्या कारखान्यात..."

"बाई," मी म्हणाले, "मघाशी वीस मिनिटं आम्ही थांबलो. आता तुम्ही थांबा."

त्या थांबल्या. पावसाचे थेंब सुरू झाले. क्लारा दारात आली, मान खाली घालून हुंगली, एक पाय बाहेर टाकला, मग दुसरा. आणि मागचे दोन्ही पाय झाडत अशी वाकडीतिकडी उसळली की कुंपणापाशी उभ्या असलेल्या माझ्या कोटावर चिखल उडाला. कॉफी सोडून कुंपणाशी आलेली सगळी बस टाळ्या वाजवत होती. विबे तेवढा पाठ करून उभा. तिचं तोंड त्याच्या कोपराला लागलं तेव्हा कुठे तो वळला.

बसमध्ये बसल्यावर म्हणाला, "उडी मारली का?"

"मारली."

"किती उंच?"

मी कोटावरचा चिखल दाखवला. पुसायला रुमाल काढला तर त्याने माझा हात धरला. चीजचा कारखाना येईपर्यंत त्याने तेच सात वेळा विचारलं, आणि सातही वेळा मला सांगावं लागलं.