एकोणीस हिरवी कामं

इस्पितळाच्या तळमजल्यावर, धुलाईखोलीला लागून, प्रकल्प सहाय्य कक्ष होता. कक्ष म्हणजे दोन टेबलं, एक कपाट आणि कक्षप्रमुख. दिसेल त्या गोष्टीभोवती चौकट आखायची सवय असल्यामुळे त्याला सगळे पाठीमागे चौकटराव म्हणत. हे त्याला ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

इस्पितळात एकोणीस प्रकल्प चालू होते. दर सोमवारी प्रत्येक विभागाने कक्षाच्या तक्त्यात आपल्या कामाला रंग द्यायचा. सुरळीत असेल तर हिरवा, रखडलं तर पिवळा, अडलं तर तांबडा. तांबडा दिला की सात पानी अर्ज भरायचा आणि बुधवारी अधीक्षकांपुढे खुलासा करायला उभं राहायचं. पद्धत चौकटरावाची. ती सुरू होऊन अकरा आठवडे झाले होते आणि अकराही आठवडे एकोणीसच्या एकोणीस कामं हिरवीगार. या यशावर तो ‘उत्तम कार्यपद्धती’ अशी पुस्तिका लिहीत होता. तिच्या जोरावर कक्षाला मुदतवाढ मिळायची होती. नाहीतर महिनाअखेर कक्ष बंद आणि कपाट धुलाईखोलीकडे.

मंगळवारी तो पुस्तिकेसाठी फोटो काढायला नव्या बालविभागात गेला. शुक्रवारी तिथे बावीस तान्ही बाळं हलवायची होती. विभागाची मुख्य परिचारिका त्याची थोरली वहिनी. पाळणे छान मांडलेले होते, पण प्रत्येक पाळण्यामागे भिंतीतल्या ऑक्सिजन-नळीच्या तोंडाला चिकटपट्टी.

“वहिनी, हे काय?”

“दाब तपासायचा राहिलाय. तपासनीस रोज उद्या येतो.”

“आणि काल तुम्ही हिरवा दिलात?”

“मग काय करू? भावोजी, तुमच्या अर्जाचं तिसरं पान वाचलंय का कधी? ‘अनपेक्षित अडथळ्यांचा पूर्वनियोजित तक्ता जोडावा.’ अनपेक्षित आहे तर आधी तक्ता कुठून आणू? बाळांकडे बघू की तुमच्याकडे? सिलिंडर जमवून ठेवलेत, तेवढ्यावर भागवणार होते.”

“अहो, पण मला सांगायचं! रविवारी आपण एकत्र जेवलो!”

“सांगणारच होते. तुम्ही प्रस्तावना वाचून दाखवत होतात.”

चौकटराव खाली आला. वहिनीचा अर्ज आपणच भरून टाकू म्हणून बसला. दीड तासात चौथ्या पानापर्यंत पोचला. तिथे त्यानेच विचारलं होतं, ‘वरील माहिती पुरेशी का नाही, ते स्पष्ट करा.’ त्याने पेन खाली ठेवलं. मग कोऱ्या कागदावर तीन ओळी लिहिल्या: काय अडलंय, काय हवंय, कधीपर्यंत. बुधवारची वाट न बघता तो तडक अधीक्षकांकडे गेला.

“कालपर्यंत हिरवं होतं ना?” अधीक्षकांनी चष्मा वर केला.

“रंग हिरवा होता, साहेब. काम नव्हतं.”

“चूक कोणाची? मुख्य परिचारिकेची?”

हो म्हटलं असतं तर पुस्तिका तरली असती.

“पद्धतीची. म्हणजे माझी. खरं सांगण्याची शिक्षा मी सात पानी ठेवली होती.”

“तुमची मुदतवाढ या तक्त्यावर अवलंबून होती, लक्षात आहे ना?”

“आहे.”

अधीक्षकांनी तारीख सोमवारवर ढकलली, पण चेहरा काही सैल केला नाही. चौकटराव दोन दिवस फोनला चिकटून बसला आणि गुरुवारी तपासनिसाला स्वतः जिन्याने वर घेऊन आला, मध्येच कुठे सटकू नये म्हणून. दोन तोंडं गळत होती. ती त्याने संध्याकाळपर्यंत बदलून दिली. वहिनी एका पाळण्याच्या कठड्यावर हात ठेवून उभी राहिली.

सात पानी अर्ज गेला, तीन ओळींचा आला. खुलासाही गेला. उलट ज्याचं काम तांबडं, त्याच्याकडे त्याच दिवशी कक्षाने जायचं.

सोमवारी बाळं सुखरूप हलली आणि एकोणीसपैकी सात कामं तांबडी आली. अधीक्षकांनी त्याला बोलावून घेतलं.

“एका आठवड्यात इस्पितळाची एवढी वाट लागली?”

“नाही साहेब. वाट आधीच लागलेली होती. आत्ता कळवलीय.”

अधीक्षकांनी तक्ता पुढे ओढला.

“यातलं पहिलं कुठलं घेताय?”

“क्ष-किरण विभाग. यंत्र आलंय, पण ते दारातून आत जात नाही.”

“कधीपासून?”

“आठ आठवडे.”

“मुदतवाढीचं नंतर बघू,” असं म्हणत अधीक्षक उठले. “चला, आधी ते दार बघू.”