निवांत भेटू परत

अनोळखी माणसासमोर तोंड उघडायचं म्हटलं की मोहिनी भोये मागे सरायची, आणि पोटासाठी तिने काम धरलं तेही नेमकं लोकांची तोंडं उघडण्याचंच. नाशकात द्वारका चौकाजवळ टायरच्या दुकानाच्या वर त्यांचं छोटंसं ऑफिस होतं. खाली दिवसभर ट्रकचे हॉर्न, वर चारपाच जण माना खाली घालून 'बोला ना' नावाचं ॲप बनवत बसलेले. पहिल्या भेटीत ज्यांना घाम फुटतो, काही सुचत नाही, अशांसाठी ते ॲप होतं. कानात इअरबड घालायचा, मनगटावर पट्टा बांधायचा. पट्टा छातीचे ठोके मोजणार, ॲप समोरच्याचं बोलणं ऐकणार आणि कानात हळूच पुढचं वाक्य सुचवणार. कोड अथर्व लिहायचा. वाक्यं मोहिनीची.

वाक्यं लिहिणं हे काय काम झालं, असं कुणालाही वाटेल. पण तांदळातले खडे वेचावेत तशी ती एकेका शब्दावर बसायची. तिने सगळ्यात जास्त जीव ओतला होता तो निरोपाच्या वाक्यात. समोरचा दुखावला जाऊ नये, पण बोलणं संपलं हे त्याला कळावं. 'बरं वाटलं हं तुमच्याशी बोलून. निवांत भेटू परत कधीतरी.' त्यातला 'निवांत' तिचा फार लाडका. शिवाय एक बारीकशी सोयही तिने हट्टाने करून घेतली होती. निघताना कुणी 'जाते' म्हणालं, तर ॲपने कानात सांगायचं, 'जाते नाही, येते म्हणावं.' ही सवय अथर्वच्या आईची, श्यामलाताईंची. एरवी परक्याशी दोन शब्द न बोलणारी ती बाई गॅसची टाकी आणणाऱ्यालाही जिन्यातून परत बोलावून 'येतो' म्हणायला लावायची. अथर्व हे हसून सांगायचा, आणि मोहिनीला न पाहिलेल्या त्या बाईबद्दल माया वाटायची.

एक प्रश्न मात्र तिने मुद्दाम लिहिला नव्हता : तुम्ही मूळचे कुठले?

ती नाशकात शिकायला आली तेव्हा होस्टेलच्या खोलीतल्या मुलीने पहिल्याच संध्याकाळी तिला तो विचारला होता. सुरगाण्याच्या पुढे, उंबरपाडा, असं मोहिनीने सांगितलं. मग आडनाव सांगितलं. डोंगरातली आदिवासी पोर, हे त्या मुलीला तेवढ्यावरून कळलं. ती "अच्छा" म्हणाली. एवढंच. वाईट कुणी काही बोललं नाही. पण त्या 'अच्छा'नंतर वर्षभर मोहिनीच्या डब्यातलं लोणचं कुणी मागितलं नाही. आपल्या ॲपमधून कुणाच्याही वाट्याला ते 'अच्छा' येऊ द्यायचं नाही, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं.

"आमच्या घरात तर चार पिढ्या याच दोन प्रश्नांवर जेवल्या," अथर्व म्हणायचा. त्याचे वडील, दिवाकरकाका, रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी करायचे. गाव कोणतं, आडनाव काय, हे विचारल्याशिवाय त्यांचं काम सुरूच होत नसे.

अथर्व आणि मोहिनीला लग्न करायचं होतं. घरी त्याने एवढंच सांगितलं होतं, की ऑफिसातली एक मुलगी आहे, नाशिक रोडला राहते. ते खोटं नव्हतं, तिची भाड्याची खोली तिथेच होती. "गाव, आडनाव मागाहून सांगू. आधी आईला तू आवडू दे," तो म्हणायचा. "तिने हो म्हटलं की बाबांचं मी बघतो." सगळं त्या एका भेटीवर येऊन ठेपलं होतं.

श्यामलाताई मुळात बुजऱ्या. पाहुणे आले की चहाच्या निमित्ताने स्वयंपाकघरात शिरायच्या, त्या पाहुणे उठेपर्यंत बाहेर येत नसत. अथर्वने चाचणीसाठी पहिला पट्टा त्यांच्याच मनगटावर बांधला. बघता बघता बाई भाजीवालीपासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत सगळ्यांशी बोलायला लागल्या. "तुझी वाक्यं आईला तोंडपाठ झालीत," अथर्व म्हणाला, तेव्हा मोहिनी लाजून हसली होती. सासूला सुनेची वाक्यं पाठ, असं भाग्य कुणाच्या नशिबी असतं?

चाचणीला माणसं वाढत गेली तसं ॲप त्यांच्याकडून शिकत गेलं. एका दुपारी मोहिनी स्वतःच इअरबड घालून नाशिक रोड स्टेशनबाहेर शेअर रिक्षात बसली. शेजारी नोटा छापणाऱ्या सरकारी प्रेसमधून सुटलेल्या एक बाई होत्या. दोनचार वाक्यं छान झाली. मग तिच्या कानात तो नेहमीचा मवाळ आवाज म्हणाला, 'विचारा : तुम्ही मूळच्या कुठल्या?'

मोहिनीने इअरबड काढून मुठीत धरला. तिने न लिहिलेलं वाक्य तिच्याच कानात आलं होतं.

ऑफिसची प्रमुख तेजश्री. तिला सांगितलं तर ती म्हणाली, "आपण नाही शिकवलं गं. लोक आपणहून विचारतात आणि उत्तर मिळालं की त्यांचे ठोके शांत होतात. शांत झाले की ॲप ते वाक्य ठेवून घेतं. आपल्याला हेच तर हवं होतं ना, माणूस शांत व्हायला?"

"आणि उत्तर देणारा?"

"त्याच्या हातात पट्टा नसेल, तर आपल्याला कसं कळणार?" तेजश्री सहज म्हणाली आणि फोनकडे वळली.

सगळे गेल्यावर मोहिनीने ॲपच्या समोर बसून स्वतःच उत्तरं दिली. आधी गाव नाशिक आणि आडनाव अथर्वचं. ते लावून बघताना तिला जरा लाजच वाटली. ॲप खुललं. घरी कोण कोण असतं, स्वयंपाकात काय आवडतं, या एकदा घरी. मग तिने स्वतःचं सांगितलं. भोये, उंबरपाडा. ॲप म्हणालं, 'बरं वाटलं हं तुमच्याशी बोलून. निवांत भेटू परत कधीतरी.'

तिने मामाचं आडनाव सांगितलं, मैत्रिणींची सांगितली, पेठ तालुक्यातले आदिवासी पाडे सांगितले. दर वेळी तेच वाक्य, तेवढ्याच गोडव्याने. ॲपला शिव्या देऊन उपयोग नव्हता. जे आडात होतं तेच पोहऱ्यात आलं होतं, आणि पोहरा तिने स्वतः घासूनपुसून लख्ख करून दिला होता.

दुसऱ्या दिवशी अथर्वला दाखवलं. त्याचा चेहरा उतरला. "करतो दुरुस्त. रविवारच्या आत करतो," तो म्हणाला. घरी तुझ्याबद्दल सगळं सांगतो, हेही तो याच सुरात म्हणत आला होता. मोहिनीला ते ऐकू आलं, पण रविवारी श्यामलाताईंकडे जायचं ठरलेलं होतं आणि तिला आशा सोडवत नव्हती.

पंचवटीतला त्यांचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर होता. श्यामलाताईंनी दार उघडलं. कानात इअरबड, मनगटावर पट्टा. पण बाईंनी तिला खुर्चीत बसवलं आणि स्वतःच इअरबड काढून टीपॉयवरच्या वाटीत ठेवला, पट्टाही सोडला.

"आज हे नको," त्या म्हणाल्या. "घरच्या माणसाशी काय पढवलेलं बोलायचं? अथर्व म्हणाला, ही सगळी वाक्यं तूच लिहिलीस. गुणाची गं तू."

मोहिनीचे डोळे भरून आले. एवढ्या दिवसांची धास्ती उतरली. घरच्या माणसाशी, असं म्हणाल्या त्या. साबुदाण्याचे वडे आले, दह्यातली चटणी आली. "अजून एक घे, लाजू नको," असं म्हणत बाईंनी तिच्या बशीत वडा वाढला. दिवाकरकाका पेपरातून मान वर करून एकदा हसले. अथर्व तर आपणच जिंकल्यासारखा पाय हलवत बसला होता.

"नाशिक रोडला घर म्हणजे वडील प्रेसमध्ये होते का?" श्यामलाताईंनी विचारलं. "मूळची कुठली गं तू?"

अथर्वचा पाय थांबला. आईच्या पाठीमागून त्याने नुसते ओठ हलवले, 'नाशिक रोड.'

ते म्हणणं सोपं होतं. आजचा दिवस निभावला असता. पण एकदा ते म्हटलं, की आपल्या आईला, झुंबरबाईला, या घराची पायरी कधी चढता येणार नाही, हे मोहिनीला लख्ख दिसलं. लग्नात आईला काय म्हणून उभं करायचं? गावाकडची कामवाली म्हणून?

"सुरगाण्याच्या पुढची," ती म्हणाली. "उंबरपाडा. भोये आम्ही. आईवडील तिथेच असतात, भात आणि नागलीची शेती आहे."

पेपरचं पान उलटता उलटता थांबलं.

"अच्छा," श्यामलाताई म्हणाल्या.

त्यांनी वड्यांचं ताट उगीचच थोडं स्वतःकडे ओढलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तुसडेपणाही नव्हता. काय बोलावं ते न सुचून त्या गोंधळल्या होत्या, आणि मोहिनीला त्यांची कीवही आली. बाईंनी वाटीतल्या इअरबडकडे पाहिलं. पण त्याला हात लावायची गरज पडली नाही. त्यांना आठवलं, आणि त्यांचा चेहरा निवळला.

"बरं वाटलं हं तुमच्याशी बोलून," त्या म्हणाल्या. "निवांत भेटू परत कधीतरी."

दार उघडल्यापासून त्या मोहिनीला 'तू' म्हणत होत्या.

मोहिनीने अथर्वकडे पाहिलं. तो वाटीकडे बघत होता. त्याने दुरुस्ती केली होती की नाही, हे विचारण्यात आता अर्थ उरला नव्हता. ती उठली. पर्स घेतली, दारापाशी गेली, चपला पायात घातल्या.

"जाते मी," ती म्हणाली.

मग ती खाली वाकली आणि एका चपलेचा लावलेला पट्टा सोडून तिने पुन्हा लावला. मग दुसऱ्या चपलेचाही. आत पंखा फिरत होता, ताटवाट्या उचलल्याचा आवाज येत होता. दारापासून श्यामलाताई चार पावलांवर होत्या आणि त्यांना नीट ऐकू गेलं होतं. मोहिनी आणखी थोडा वेळ वाकून राहिली. येते म्हण, असं कुणीच म्हणालं नाही.