चादर काय म्हणते

आगारातली शेवटची डिझेल बस भंगारात गेली, त्या सकाळी भोंग्याने गॅलरीतल्या दोरीवर पांढरी चादर टाकली. भोंगा हे या बस ड्रायव्हरचं आगारातलं नाव. विजेची बस आवाज करत नाही, माणसं बेसावध आडवी येतात, म्हणून तो सारखा हॉर्न दाबतो. त्यावरून ते पडलं. चादर मात्र बायकोच्या शब्दाखातर होती. दम्याने हैराण होऊन ती गेल्या वर्षी टेकडीवर भावाकडे राहायला गेली, तेव्हा दारातून म्हणाली होती, "समोरचं आगार धूर ओकतंय तोवर मी या घरात राहणार नाही. पांढरी चादर दिवसभर बाहेर टाका. पांढरीच आत आली की मला बोलवा."

संध्याकाळी चादर आत आली ती मळकी.

भोंग्याला कळेना. वास तर गेला होता. खिडकीच्या गजांवर तेलकट काजळी धरायची, तीही धरत नव्हती. मग हे काय? त्याने दोरी पुसली, चादर पुन्हा धुऊन टाकली. तशीच आली. वरच्या मजल्यावर कुणी गाद्या झटकतं का, अशी चौकशी करून उगाच वाईटपणाही घेतला.

आगारातला मेकॅनिक हसला. म्हणाला, बस धूर सोडत नाही हे खरं, पण बॅटऱ्या पोटात घेऊन फिरते, जुनीपेक्षा जड आहे. "टायर झिजतात ते जातात कुठे? तुझ्या चादरीवरच की. वर रस्त्याची धूळ आहेच."

"म्हणजे हवा सुधारली की नाही?"

"सुधारली."

"मग चादर?"

"चादरीला काय कळतंय," म्हणून मेकॅनिक बसखाली सरकला.

टेकडीवर फोन केला तो मेव्हण्याने उचलला. सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "दाजी, बस नवी आणलीत आणि चादर जुनीच ठेवलीत का?" ताईचं इथे बरं चाललंय, घाई नको, असंही ऐकवलं. भोंग्याने फोन ठेवला. बोलवावं तर अट पुरी झालेली नाही, न बोलवावं तर घर खायला उठतं. आणि बोलावल्यावर तिचा श्वास कोंडला, तर कुणाला तोंड दाखवणार?

रविवारी तीच आली, हातात एक पिशवी घेऊन. भावाने सांगितलेलं तिला पटलं नव्हतं. चप्पल काढून थेट गॅलरीत गेली, चादरीवरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं.

"अहो, हे काळं नाही. भुरकट आहे."

"पण मळलीय ना."

"मळलीय. धुराचा वास नाही."

ती तिथेच खुर्ची ओढून बसली. समोरून बसमागून बस निघत होती. तिच्या छातीतली ती ओळखीची शिट्टी आता वाजेल, मग वाजेल, म्हणून भोंगा कान लावून होता. वाजली नाही. रात्री ती गाढ झोपली. जागा राहिला तो.

दुसऱ्या दिवशी त्याने रजा टाकली. आभाळ निळंशार, ऊन रणरणतं, वारा पडलेला. चादर जवळजवळ स्वच्छ. आणि नेमकी त्याच दुपारी तिची छाती आवळली. पंप ओढावा लागला. चौकातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कडक उन्हात हवेत एक वायू तयार होतो, डोळ्यांना दिसत नाही. गाड्यांचा धूर त्यातला थोडा खाऊन टाकायचा. आता धूर कमी झालाय.

"म्हणजे धूरच बरा होता?" भोंग्याने विचारलं.

"छे. धूर बारा महिने छळायचा, हा उन्हाच्या दुपारी छळतो. पण हा वायू बनतो तोही धुरातूनच; शहरभरचा धूर आणखी उतरला की हाही उतरेल. तोवर दुपारी खिडक्या लावून घ्या."

घरी येईपर्यंत त्याच्या डोक्याचा पार भुगा झाला. मळक्या चादरीच्या दिवशी श्वास मोकळा, स्वच्छ चादरीच्या दिवशी कोंडलेला. "आता मी भरवसा ठेवायचा तरी कशावर?"

ती पिशवीतले कपडे कपाटात लावत होती. अर्धे लावून थांबली. बाकीचे तसेच ठेवून पिशवी कोपऱ्यात सरकवली.

"हे राहू दे इथेच, बघू," ती म्हणाली. "आणि ती चादर काढा आधी."

"का? आणखी चार दिवस बघू या की."

"अहो, अंथरायला दुसरी नाही."

भोंग्याने चादर काढली, झटकायला हात वर केला, आणि घरात झटकावी की बाहेर, हे न कळून तसाच उभा राहिला.