जयाच्या दाखल्यावरचा शिक्का

मी एक जुना गोल शिक्का आहे. वर लाकडी मूठ, खाली रबर आणि मनात नुसता संताप. हसू नका, मित्रांनो. माझं निम्मं आयुष्य एका टेबलाच्या खणात, कुलपाआड गेलं आहे.

सीताबर्डीच्या एका कारागिराने मला घडवलं आणि नागपूरच्या एका सरकारी कचेरीत धाडलं. सुरुवातीला माझा केवढा थाट होता! माझा ठसा उमटला की लोक कागदावर फुंकर घालत, तो कपाळाला लावत. मग मी वामनराव बाबूंच्या ताब्यात आलो. ते चहाला निघाले की मला कुलूप, पान खायला निघाले तरी कुलूप.

अशातच जयाचं प्रकरण आलं. तिने डॉक्टरकीसाठी अर्ज केला होता. तिचे वडील बाबाराव गिरणीत कामाला. छप्पन साली त्यांनी दीक्षा घेतली आणि जात कायमची सोडली. म्हणून जयाच्या अर्जात त्यांनी धर्म बौद्ध लिहायला लावला आणि जातीचा रकाना अभिमानाने कोरा ठेवला. झालं! अर्ज गेला खुल्या वर्गात, आणि तिथे तिचे गुण थोडक्यात कमी पडत होते. नवबौद्धांसाठी राखीव जागा असतात, हे तिच्या शिक्षिका इंदुताईंनी सांगितलं. प्रवेशाची यादी लागायच्या आत आमच्या कचेरीचा जातीचा दाखला दिला तर वर्ग बदलून मिळणार होता.

दाखल्याला पूर्वीच्या जातीचा पुरावा हवा. जयाच्या शाळेच्या कागदावर फक्त बौद्ध. बाबारावांनी स्वतःचा कागद आणला, तर वामनराव म्हणाले, मुलीचा आणा. दर खेपेला मी खणातून बाहेर यायचो आणि तसाच परत आत जायचो. अरे, एका ठोक्याचं काम! शेवटी वामनरावांनी फर्मावलं की बापाने जुनी जात स्वतःच्या हाताने लिहून द्यावी.

बाबारावांचा हात कागदावर थांबला. "साहेब, जे नाव मी टाकून देल्लं, तेच आता माह्या हातानं लिवू?"

"लिवा बाबा," जया म्हणाली. "नाव त्याहीनं मांगतलं. आपन काही ते परत घेऊन नाही राहिलो."

त्यांनी लिहिलं. पण शाईची गादी कोरडी ठणठणीत! माझा ठसा इतका फिका उमटला की कॉलेजाने दाखला परत केला. दुसऱ्या दिवशी यादी लागायची होती. बापलेक धापा टाकत आली, तेव्हा मी कुलपात आणि वामनराव चहाला. खणाच्या फटीतून मला जयाचा श्वास ऐकू येत होता, आणि मला काही म्हणता काही करता येत नव्हतं. अखेर वामनराव सावकाश आले, गादीवर शाई ओतली, आणि मी सारा जीव लावून त्या कागदावर उमटलो.

जयाला जागा मिळाली.

पुढे एक दिवस बाबाराव एकटेच आले. आता यांना आणखी काय हवं, म्हणून मीसुद्धा वैतागलो.

"कागद परत नाही मांगत साहेब," ते म्हणाले. "फक्त त्याच्याखाली लिवून ठेवा, का हे नाव पोरीसाठी लिवलं, माह्यासाठी नाही."

वामनरावांनी फाइल उलटसुलट करून पाहिली. तसा रकाना नाही, म्हणाले, आणि मला खणात टाकलं.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी उद्या त्या खुर्चीवर बसलंच, तर माझ्यासारख्याला वेळेवर शाई पाजा, कुलपात कोंडू नका. आणि तेवढा तो एक रकाना आखून ठेवा.